पाच आधी बोलतो, मागे बसतो

आई,

परवा शाळेत एका मुलीनं पंचवीस बरोबर ओळखलं आणि तेव्हापासून मी तुझ्यावर चिडले आहे. चिडले हा शब्द सवयीनं आला. खरं म्हणजे मला हेवा वाटतो आहे, आणि तोही एकट्या तुझा नाही. तुझा, एका टॅबलेटचा आणि, ऐकून हसशील, पण माझ्या स्वतःच्याच आवाजाचा. टॅबलेट म्हणजे गोळी नव्हे. पाटीएवढी काच समज, बोट लावलं की चित्रं हलतात आणि आतून कुणीतरी बोलतं. तू गेलीस तेव्हा आपल्याला साधा फोन आला तरी शेजाऱ्यांकडे यायचा, त्यामुळे हे सगळं जरा बैजवार सांगावं लागेल. आज रविवार आहे, दुपार मोकळी आहे, आणि तू मधेच उठून कुकर बघायला जाणार नाहीस, ही एक सोय.

मी तुझ्याच कामात शिरले हे तुला माहीत नाही. तू असतीस तर बहुधा शिरले नसते. येरवड्यात आमची शाळा आहे. आता मतिमंद म्हणत नाहीत, विशेष म्हणतात. पाटी बदलली, छताचे पत्रे तेच आहेत. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझं आडनाव वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "अहो, म्हणजे आपण बाईंच्या कन्या का?" नुसतं बाई. या कामातली पुण्यातली जुनी माणसं पुढेमागे नाव न लावता बाई म्हणाली की ती तू असतेस. मला वाटलं, दोन-चार वर्षं चालेल हे, मग मीही कुणीतरी होईन. आता निवृत्तीला टेकले. आमची मुलं मलाही बाईच म्हणतात, पण मोठ्या माणसांत मी अजून बाईंची मुलगीच आहे.

तर ती मुलगी. सतरा संपत आलेली, गोल चेहऱ्याची, हसली की डोळे दिसेनासे होणारी. बोलते मोजकं पण स्पष्ट. वडील रिक्षा चालवतात, आई दोन-तीन घरी पोळ्या लाटते. आमच्याकडे अठरा पूर्ण झाली की शाळा संपते. त्यापुढे यायचं तर उद्योग विभागात जागा मिळावी लागते. तिथे मोठी मुलं फुलवाती वळतात, पाकिटं भरतात आणि ज्या गिऱ्हाइकाची मागणी असेल त्याच्या नंबरच्या टोपलीत टाकतात. वाती तिला उत्तम जमतात, माझ्यापेक्षा सुबक. घोडं अडायचं टोपलीपाशी. पंचवीस म्हटलं की ती हसतहसत बावन्नच्या टोपलीत पाकीट टाकायची. छत्तीस म्हटलं की त्रेसष्टच्या. चूक अशी नेमाची होती की तिला चूक म्हणणंही जिवावर यायचं, कारण ती ऐकल्याबरहुकूम वागत होती. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, मग तिनं पाच आधी शोधला तर बिघडलं कुठे? बिघडलं आपल्या भाषेचं, पण ते तिच्या आईला कसं सांगणार. दोनदा चाचणी झाली, दोन्हीदा विभागातून परत पाठवली. दुसऱ्यांदा तिची आई मला फाटकापाशी थांबवून म्हणाली, "बाई, शाळा सुटली की हिनं जायचं कुठं? मी कामावर, ह्यांची रिक्षा. आमच्याकडं बघायला कोण हाय? मग काय कडी लावून ठिवायची का पोरीला?" मी म्हटलं, होईल हो, अजून वर्ष आहे. वर्ष कसलं, काही महिने होते.

तुझी युक्ती मला पाठ होती, म्हणजे मी अडाणीपणानं शिकवत होते असं समजू नकोस. फळ्यावर स्कूटर काढायची, तोंड डावीकडे, खिडकीच्या बाजूला. पुढे वीस, मागे डबलसीट पाच. पाच आधी बोलतो, पण मागे बसतो. तू हे म्हणताना पाच म्हणजे जशी काही एखादी आगाऊ आत्या असायची, पत्ता तीच सांगणार पण चालवणार दुसराच. तुझ्या वर्गातली मुलं खदखदून हसायची आणि खडू घेऊन मागच्या सीटवर पाच लिहायची. मीही स्कूटर काढली. काड्यांचे गठ्ठे बांधले, खुर्च्या एकामागे एक लावून मुलांना बसवलं. बाकीच्या काही मुलांना जमलंही. पण या मुलीला पाचव्यांदा सांगताना माझ्या आवाजाला धार येते. मी काही वाकडं बोलत नाही. शब्द तेच, गोड असतात. पण या मुलांना शब्द कळला नाही तरी धार कळते, आणि धार कळली की ती मुलगी हसायची. तिचं ते हसणं मला सहन व्हायचं नाही, कारण ते मला शांत करण्यासाठी असायचं.

तुझ्या आवाजाला कधी धार यायची नाही. वर्गात. घरातलं मी बोलत नाही. माझी शाळा सकाळची असायची आणि दुपारी तू मला तुझ्या शाळेत बोलावून मागच्या बाकावर बसवायचीस. तिथे तुला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियम. मी दुसरीत असेन. तुझ्या पुढ्यात एक मोठा मुलगा बसलेला, मिसरूड फुटलेला, नाकातून श्वास घेणारा. तू त्याचा हात हातात घेतलेला आहेस. तो बावन्न लिहितो. तू म्हणतेस, "असू दे हं. परत बघू या." तो परत बावन्न लिहितो. तू परत म्हणतेस, "असू दे हं. परत बघू या," आणि तुझ्या आवाजात पहिल्या वेळेइतकंच सगळं शाबूत असतं. मी मागच्या बाकावर बसून वाट बघते आहे की आता ही चिडेल, आता चिडेल. घरी तू वरणाला फोडणी देता देता माझी वही एका हातानं धरायचीस, नजर कढईवर, आणि हातचा राहिला असेल तर म्हणायचीस, "तुला कळतं ना? मग?" त्या 'मग'वर सगळं संपायचं. मला कळत होतं हाच माझा गुन्हा.

आणि ते पेढे. तू विसरली असशील, मी नाही. माझा वार्षिक परीक्षेचा निकाल होता, गणितात पैकीच्या पैकी. मी धावत येऊन सांगितलं, तू म्हणालीस, "बरं. ताटं घे." त्याच आठवड्यात त्या मुलाचं पंचवीस बरोबर आलं. तू येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आलीस, वर्गात वाटून उरलेले. जेवताना बाबांना ते सांगितलंस, मग आत्या आली तिला सांगितलंस, मग जिन्यात भेटलेल्या काकूंना. सांगताना तुझे डोळे भरत होते. माझ्या हातावर तू एक पेढा ठेवलास. मी तो खाल्ला, अजून चव आठवते, चांगला होता, पण तो त्याच्या पंचवीसचा होता. मला तेव्हा तो मुलगा मरून जावा असं वाटलं होतं. लिहायला वाईट दिसतं, पण सात-आठ वर्षांच्या मुलीला हेवा वाटतो तेव्हा मोजून मापून वाटत नाही.

आता आमच्या ताईकडे येते. दोन वर्षांपूर्वी शाळेत एक तरुण शिक्षिका लागली, यवतमाळकडची, राहायला हडपसरला. मुलं तिला ताई म्हणतात. ती उत्साही आहे, जे मला सुरुवातीपासून खटकतं. तिचा नवरा हिंजवडीच्या एका कंपनीत आहे आणि तो व त्याचे मित्र शनिवार-रविवारी अशा मुलांसाठी गणिताचे खेळ तयार करतात. ऑनलाइन खेळ, म्हणजे कुठेही उघडला तरी मूल कुठवर आलं होतं ते त्याला माहीत असतं, तिथून पुढे सुरू होतो. ताईनं मला विचारलं, आकडे उलटे होतात त्यावर तुम्ही काय करता. मी फळ्यावर तुझी स्कूटर काढून दाखवली. ती बघतच राहिली. पंधरा दिवसांत ती स्कूटर टॅबलेटवर धावत होती. पंच ऐकू आलं की मागची सीट उजळते, वीस ऐकू आलं की पुढची. पुढच्या वीसनं हेल्मेट घातलं आहे, तेवढं सोडलं तर अगदी पुण्यातली स्कूटर. मला वाटलं, खाली कुठेतरी बारीक अक्षरात तुझं नाव येईल. किंवा माझं. कुणाचंच आलं नाही आणि मी कुणाला म्हटलंही नाही, कारण म्हणायला गेले असते तर कोणाचं नाव मागितलं असतं ते मलाच ठरवता आलं नसतं.

आवाज मात्र माझा घेतला. तयार आवाज यंत्राचा होता, तो एकोणसाठ असं म्हणायचा की ते नाव आहे का पत्ता ते कळू नये. ताई म्हणाली, मॅडम, तुमचे उच्चार काय स्वच्छ आहेत, तुम्हीच म्हणून द्या ना. स्तुती केली की मी विरघळते, हे तिनं ओळखलं होतं. एका शनिवारी वाहतुकीत मुरत मुरत हिंजवडीला पोचलो. काचेच्या खोलीत, कानाला यंत्र लावलेला एक मुलगा. मी एकोणसत्तर म्हटलं की तो भिंतीवरच्या कागदावर बोट फिरवून, "सिक्स्टी नाइन ना, मॅडम?" असं हळूच विचारून घ्यायचा. माझं बळ तिथेच वाढलं. मग आकडे संपले आणि वाक्यं आली. शाब्बास. असू दे हं, परत बघू या. ही दोन्ही मीच सुचवली होती, दुसरं काही आठवलंच नाही. मी म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, जरा रागावल्यासारखं येतंय."

मी म्हटलं, "मी रागावलेली नाही."

"हो, म्हणजे, हेसुद्धा तसंच येतंय."

पाच-सहा वेळा म्हणून झालं. दर वेळी तो नम्रपणे मान हलवायचा. शेवटी मी खरोखरच चिडले आणि चिडून मुद्दाम तुझी नक्कल केली. लहानपणी पाहुण्यांपुढे करायचे तशी. 'असू दे'मधला 'दे' किंचित लांबवून, 'हं' नाकातून, आणि 'परत'वर असा आनंद, की जणू परत करायला मिळतंय ही मेजवानीच आहे. त्या मुलानं डोळे मिटले. म्हणाला, हेच. मग त्यानं मला ते ऐकवलं. आई, त्या काचेच्या खोलीत तू बोललीस. मला वाटलं होतं वयाबरोबर माझा आवाज माझाच झाला असेल. ताईनं विचारलं, काय झालं मॅडम, पाणी देऊ का. मी म्हटलं, एसी फार आहे.

टॅबलेट वर्गात आला. मी मुलीच्या शेजारी बसले, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. आवाज म्हणाला, पंचवीस. तिनं बावन्न दाबलं. स्कूटर उलट्या बाजूनं जरा घसरली, मुलगी हसली, खरी हसली, आणि आवाज म्हणाला, असू दे हं, परत बघू या. तिनं परत बावन्न दाबलं. मी आपोआप तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. खेळ काही थकत नव्हता. त्याला घरी जाऊन स्वयंपाक करायचा नव्हता, त्याचे गुडघे दुखत नव्हते, त्याची कुठली मुलगी मागच्या बाकावर बसून वाट बघत नव्हती. मुलीनं एकदा मान तिरकी करून काचेकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ही कोण बाई?" मी म्हटलं, मीच की. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मग काचेकडे, आणि मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "नाही. ही बाई रागवत नाही."

ताई तिथेच होती. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं, हा तिचा चांगुलपणा. मधल्या सुट्टीत मात्र माझ्याजवळ आली. "मॅडम, एक बोलू? पोरगी तुम्हाला घाबरून राहिली. तुम्ही शेजारी नका बसू काही दिवस." मी म्हटलं, आपण म्हणाल तसं. मी तिला आपण म्हटलं म्हणजे काय झालं ते पुण्यात जन्मली असती तर तिला कळलं असतं. तिला वाटलं मी मान दिला. त्या दिवसापासून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला वह्या तपासत बसायचे आणि माझ्याच आवाजाला त्या मुलीचे लाड करताना ऐकायचे. वायफाय गेलं की स्कूटर अर्ध्या रस्त्यात अडकायची. मुलगी काच कुरवाळत बसायची आणि मला, देवाशप्पथ, गार वाटायचं. माझ्याकडे बघ ना, मी आहे की इथे, मला वायफाय लागत नाही, असं म्हणावंसं वाटायचं. पण ती काही बघायची नाही. हळूहळू मागची सीट आधी भरायला लागली. आधी पंचवीस, मग छत्तीस, मग अठ्ठेचाळीससुद्धा. तिची आई आली आणि ताईचे दोन्ही हात धरून रडली. मला म्हणाली, "मशीननं पोरीचं भलं केलं बघा, बाई." मी म्हटलं, हो ना. ती स्कूटर माझ्या आईची आहे, हे वाक्य ओठांवर येऊन परत गेलं. तुझी आहे म्हटलं असतं तरी माझ्या वाट्याला त्यातलं काय आलं असतं?

परवा तिसरी चाचणी होती. विभागाचे प्रमुख टेबलाशी बसले. टॅबलेट न्यायचा नाही असं ठरलेलं, कारण टोपल्या काही उजळत नाहीत. आकडा कुणी सांगायचा, तर ताई म्हणाली, मॅडम सांगतील, तिला आवाज ओळखीचा आहे. मुलगी पाकीट छातीशी धरून उभी. मागे दाराशी तिची आई, पदर तोंडात. आई, मी तुला खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात दोन्ही होतं. ती चुकली तर पोरीला कडी लागणार, हे मला माहीत होतं. आणि ती चुकली तर खेळ हरणार, हेही कुठेतरी सुखावत होतं. मी पंचवीस म्हटलं. जमेल तितकं साधं म्हटलं. मुलीनं ओठ हलवले. मग हात मागे नेला, जणू मागच्या सीटवर कुणाला तरी बसवते आहे, आणि दुसरा हात पुढे, हँडल धरल्यासारखा. तशीच चालत गेली आणि पंचवीसच्या टोपलीत पाकीट ठेवलं. ठेवलं, टाकलं नाही.

पण ती परत फिरेना. टोपलीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती, वाट बघत होती. माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "शाब्बास."

तिनं मान हलवली. "तसं नाही," ती म्हणाली. "त्या बाईसारखं म्हणा."

प्रमुख हसले, ताई खाली बघायला लागली. मी काय करणार होते? मी घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर, पाहुण्यांपुढे करायचे तशी, तुझी नक्कल केली. तुझं शाब्बास, मधला 'ब्बा' टाळी दिल्यासारखा. ती मुलगी धावत आली आणि तिनं मला मिठी मारली. मला म्हणजे तुला. मी तिच्या केसांवर हात ठेवून उभी होते आणि मनात म्हणत होते, बघ, ही पण घेतलीस. तीन वर्षं मी राबले, दोन वर्षं ती ताई, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी वर्ग तुझाच. तिला विभागात जागा मिळाली. सोमवारपासून जाणार. तिच्या आईनं पेढे आणले होते, मी घेतला नाही, साखर आहे म्हणून सांगितलं. मला साखर नाही.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही, आणि तुला पाठवायची सोय नाही, म्हणून राहिलेलं सांगून टाकते. टॅबलेट आत्ता माझ्या पुढ्यात आहे. ताई गावी गेली आहे, चार्ज करून ठेवते असं शिपायाला सांगून मी तो घरी आणला. जेवण झाल्यावर खेळायला बसले. सगळी उत्तरं बरोबर आली, येणारच. दर वेळी तू शाब्बास म्हणालीस. पहिल्या एक-दोन वेळा बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण शाब्बास मला पुष्कळांनी म्हटलं आहे, त्याचं मला एवढं नव्हतं. मग तू पंचवीस म्हणालीस आणि मी बावन्न दाबलं. तू म्हणालीस, असू दे हं, परत बघू या. एवढ्याशानं मला रडू आलं. मी परत बावन्न दाबलं, तू परत म्हणालीस, आणि तुझ्या आवाजात सगळं शाबूत होतं. खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलं, आई, आणि मी अजून बावन्नच दाबते आहे.